जांभळं वॅक्स

ग्लासगोच्या त्या छोट्याशा स्की क्लबात एक गोष्ट सगळ्यांनी मान्य केलेली होती: बर्फ कळतो तो मीनाक्षीला. मीनाक्षी मूळची अकोल्याची. जिथे मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तिथे वाढलेली. लग्नानंतर नवऱ्याच्या, शशिधरच्या नोकरीमुळे स्कॉटलंडला आली, एका हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर म्हणून लागली, आणि चाळिशी उलटल्यावर, शशिधरच्या शब्दांत 'हाडं मोडून घ्यायच्या वयात', क्रॉस-कंट्री स्कीइंग शिकली. डोंगरावरून खाली सुसाट येण्याचा खेळ वेगळा. हा जंगलातल्या वाटांनी, चढउतारांवरून, स्वतःच्या पायांच्या जोरावर मैलोन्मैल जाण्याचा खेळ. सात वर्षांत तिनं तो चांगला कमावला होता.

या खेळात स्कीच्या तळाला, पावलाखालच्या हातभर भागावर, एक चिकट वॅक्स लावतात. पाय दाबला की ते बर्फाला धरतं, म्हणून पुढे रेटता येतं. या रेट्याला किक म्हणतात. पाय उचलला की सोडतं, म्हणून घसरत जाता येतं. एकाच वॅक्सनं धरायचंही आणि सोडायचंही, म्हणजे त्या दिवशीचा बर्फ नीट ओळखता यायला हवा. थंड, कोरड्या बर्फाला निळं वॅक्स, ते कडक असतं. शून्याच्या आसपासच्या ओलसर बर्फाला जांभळं, ते मऊ. ओल्या बर्फावर कडक वॅक्स नेलं तर पाय मागे सटकतात. कोरड्या बर्फावर मऊ नेलं तर त्याहून वाईट: बर्फाचे कण त्यात रुततात, सुटत नाहीत, आणि तळाला गोळे धरतात. मग घसरणं सोडाच, पायाला विटा बांधून चालल्यासारखं होतं.

अलीकडे हे सगळं झंझट नको म्हणून क्लबातल्या बहुतेकांनी तळाला केसाळ पट्टी बसवलेल्या स्की घेतल्या होत्या. त्यांना हे वॅक्स लागत नाही. वॅक्सवाले उरले होते तिघंच. एकाहत्तर वर्षांचा फर्गस, ज्यानं मीनाक्षीला हे शिकवलं, स्वतः मीनाक्षी, आणि शाल्मली.

शाल्मलीला क्लबात आणलं मीनाक्षीनंच. ती पुण्याची, एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामावर ग्लासगोला आलेली, छत्तीस वर्षांची. मंडळाच्या संक्रांतीला ओळख झाली आणि तिळगूळ हातात असतानाच ती म्हणाली, "ताई, मलाही न्याल का एकदा?" मीनाक्षीनं नेलं. तिला कुठल्या स्की घ्याव्यात ते सांगितलं, पट्टीच्या घेऊ नकोस म्हणाली, "पट्टीवर बर्फ पायाला कळत नाही गं. वॅक्सचं मी बघत जाईन तुझं." पहिला हिवाळा शाल्मली नुसती पडत होती. पडायची, हसायची आणि उठायची. दुसऱ्या हिवाळ्यात ती चढावर अशी जायला लागली की फर्गस थांबून बघत राहायचा. क्लबाच्या बातमीपत्रावर दरवर्षी मीनाक्षीचा फोटो यायचा, टोपीखालून वेणी बाहेर आलेला. त्या वर्षी शाल्मलीचा आला. जानेवारीतल्या शर्यतीत शाल्मली तिच्या मागे फक्त अकरा सेकंद होती.

मत्सर हा शब्द मीनाक्षीनं मनातसुद्धा कधी घेतला नव्हता. शाल्मलीचं कौतुक करताना तिचा आवाज थोडा जास्तच मोठा व्हायचा, एवढंच.

फेब्रुवारीत हायलँड्समधली मोठी शर्यत होती, दहा किलोमीटरची. बर्फच पडला नाही म्हणून तीन वर्षं ती रद्द झाली होती. या वर्षी पडला. शनिवारी दोघी मीनाक्षीच्या गाडीतून निघाल्या, ए-नाइन हायवेनं वर. शाल्मलीनं तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. हॉस्टेलवर पोचल्यावर अंधार पडायच्या आत मागच्या लाकडी शेडमध्ये दोघींनी स्की बाकावर चढवल्या. हवामानखात्याचं म्हणणं होतं, सकाळी ढगाळ, शून्याच्या आसपास. मीनाक्षीनं जांभळं काढलं. पातळ थर द्यायचा, कॉर्कनं घासघासून सपाट करायचा, पुन्हा थर. चार थर. शाल्मली स्कीचं टोक धरून बघत होती.

"ताई, हे तुम्ही नसतात ना, तर मी एव्हाना पट्टीवाल्या घेतल्या असत्या."

"दोन वर्षांनी तूच मला शिकवशील," मीनाक्षी म्हणाली. ते ती मनापासून म्हणाली होती. हे तिला पुढे फार आठवलं.

फर्गसनं त्याच्या स्कीला हात लावला नव्हता. तो सकाळपर्यंत कधीच वॅक्स लावत नसे. "हवामानखातं ऑफिसात बसतं," एवढंच तो म्हणायचा.

रविवारी सकाळी पडदा सारला तर आकाश लख्ख निरभ्र. रात्रीत ढग निघून गेले होते. दाराबाहेरच्या थर्मामीटरवर उणे पाच. शर्यत दहाला होती. नाश्ता टाकून साडेआठला ती स्की घेऊन बाहेर पडली. सुरुवातीचं मैदान उन्हात होतं, तिथे जांभळं छान चाललं. पण वाट पुढे पाइनच्या गर्द जंगलात शिरत होती, आणि शर्यतीचा निम्म्याहून जास्त भाग त्या सावलीतच होता. शंभर पावलांत तिची स्की जड झाली. दोनशेव्या पावलाला थांबलीच. पाय उलटा करून बघितलं तर तळाला मुठीएवढे गोळे. नखानं खरवडले तरी निघेनात.

ती परत शेडमध्ये आली तेव्हा सव्वानऊ झाले होते. शाल्मली दोघींचे नंबर आणायला गावातल्या हॉलवर गेली होती. फर्गस केव्हाच निळं लावून जंगलात सराव करत होता. शेडमध्ये कुणी नव्हतं. मीनाक्षीनं स्क्रेपर घेतला आणि आपल्या स्कीवरचं जांभळं ओढून काढायला लागली. मऊ वॅक्सवर कडक बसत नाही, आधी सगळं खरवडावं लागतं. जांभळे चिकट वळसे बाकाखाली पडत गेले. मग निळं, तीन थर, कॉर्क. घड्याळात नऊ तेहतीस.

आता शाल्मलीच्या, असं तिच्या मनात आलं. खरंच आलं. त्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. तिनं एक उचलली, बाकावर आडवी ठेवली, तळाचं जांभळं अंगठ्यानं चाचपलं. पंधरा मिनिटांचं काम. वेळ होता.

आणि मग तिला ती अकरा सेकंदं आठवली.

तिनं स्वतःला काय काय सांगितलं: ऊन चढेल, जंगलातही बर्फ मऊ होईल. पोरीचे पाय इतके दणकट आहेत की ती निभावून नेईल. घाईत अर्धवट लावलं तर आहे त्याहून बिघडेल. एकेक कारण पटापट आलं, आणि एवढ्या पटापट आलं याचंच तिला आतून कुठेतरी आश्चर्य वाटलं. तिनं स्की उचलून पुन्हा भिंतीला टेकवली.

शाल्मली धावतच आली. गाल लाल, हातात दोन नंबर. मीनाक्षीचा चौदा, तिचा पंधरा. "वळा, ताई," म्हणून तिनं मीनाक्षीच्या पाठीवर नंबर ठेवला आणि चारही कोपऱ्यांना सेफ्टी पिना लावल्या, कापड वर सरकू नये म्हणून दातात धरून नीट ताणून. मागूनच तिनं विचारलं, "थंडी वाढलीय ना? वॅक्सचं काही बदलायचं का?"

मीनाक्षीची पाठ तिच्याकडे होती.

"नाही," ती म्हणाली. "आहे तसंच राहू दे."

"बरं झालं. मला वाटलं, आता सगळं खरवडावं लागतंय की काय."

शाल्मली मैदानात चार पावलं घसरून आली. उन्हात जांभळं मस्तच चालत होतं. तिनं दुरूनच अंगठा दाखवला.

शर्यतीत एकेक जण अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं सुटतो. मीनाक्षी चौदावी सुटली. जंगलात शिरली, आणि निळ्यानं बर्फ असा धरला आणि असा सोडला की सात वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. पाय दाबावा, धरतंय. सोडावा, वाहतंय. पहिल्या चढावर तिनं मागे कान दिला. शाल्मलीच्या काठ्यांचा आवाज यायला हवा होता. आला नाही. दुसऱ्या चढावरही आला नाही. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं तिला कळलं, आणि तिनं वेग वाढवला.

वाट वर जाऊन वळसा घेऊन त्याच जंगलातून परत येते. एका ठिकाणी जायची आणि यायची वाट अगदी शेजारी येतात, मध्ये फक्त एक गोठलेला ओढा. सातव्या किलोमीटरला मीनाक्षी उतारावरून त्या ठिकाणी आली आणि तिला ओढ्यापलीकडे, अजून जायच्याच वाटेवर, शाल्मली दिसली. एक स्की पायातून काढलेली, दुसऱ्या पायाखाली बर्फाचं ढेकूळ, घोड्याच्या खुरासारखं. ती एका पायावर तोल सावरत उभी होती. आणि तिच्यासमोर बर्फात, दोन्ही गुडघे टेकून, फर्गस बसला होता. त्याच्या मांडीवर तिची काढलेली स्की उलटी होती आणि तो खिशातल्या छोट्या स्क्रेपरनं तळ खरवडत होता. त्याच्या पाठीवरचा नंबर दुमडला होता. त्याची ती तिसावी शर्यत होती. या वर्षी तासाच्या आत यायचं, असं त्यानं डिसेंबरपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

स्कीचा आवाज ऐकून दोघांनी वर बघितलं. फर्गसची नजर मीनाक्षीच्या चेहऱ्यावरून तिच्या पायांकडे गेली, वाहत येणाऱ्या स्कींकडे, आणि तिथेच राहिली.

शाल्मलीनं मात्र काठी उंचावली. "ताई, थांबू नका हं! मस्त जाताय! जा, जा!"

मीनाक्षी गेली. उतार होता, थांबायला कष्ट पडले असते, हे खरं. पण थांबता आलं असतं, हेही खरं.

क्लबातल्या बायकांत ती सगळ्यात पुढे आली, आणि पंचेचाळीसच्या वरच्या गटात तिसरी. बक्षीस गटाचंच, आणि त्या गटात शाल्मली नव्हतीच. तिचा गट वेगळा, तिची यादी वेगळी. शेवटच्या रेषेपलीकडे गरम सरबताचा कप हातात घेऊन उभी असताना मीनाक्षीच्या हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं. जिच्याशी तिची स्पर्धाच नव्हती, तिला तिनं अडवलं होतं.

ती दोघं सगळ्यांत शेवटी आली. फर्गस पुढे, शाल्मली मागे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल्मलीनं हसून कमरेत वाकून नमस्कार केला, आणि मग शूजचे बंद सोडायला खाली वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. डोळे पुसत होती की नाक, हे दिसलं नाही. मीनाक्षीनं मुद्दाम बघितलंही नाही.

सामान भरायला मीनाक्षी शेडमध्ये गेली तर फर्गस आत होता. हातात झाडू. बाकाखाली, जिथे ती सकाळी उभी होती, तिथले जांभळे वळसे तो गोळा करत होता. सुपडीत भरलं, मग म्हणाला, "हे तुझं."

"हो."

"म्हणजे तू वर जाऊन बघून आली होतीस."

"हो."

"वेळ किती होता तुझ्याकडे?"

खोटं बोलायची संधी होती आणि जिभेवर उत्तरही होतं. पण फर्गसच्या पॅन्टचे गुडघे अजून ओले होते. "पंचवीस मिनिटं," ती म्हणाली.

फर्गसनं मान हलवली, सुपडी डब्यात रिकामी केली, झाडू खिळ्याला टांगला आणि तिच्या बाजूनं वाट काढून बाहेर गेला. रागावला असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं.

गावातल्या हॉलमध्ये सूप होतं, साखरेच्या वड्या होत्या आणि बक्षिसं होती. मीनाक्षीचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या शाल्मलीनं वाजवल्या. काचेचा छोटा पेला घेतानाचा फोटो तिनंच काढला आणि तिथूनच शशिधरला पाठवलाही. "जिजूंना आधी कळायला हवं ना!"

परतीच्या गाडीत तीन तास. पहिला तासभर शाल्मली खिडकीबाहेर बघत होती. पर्थच्या अलीकडे ती म्हणाली, "ताई, खरं सांगू? माझी किकच कच्ची आहे. तुमचं वॅक्स आणि माझं वॅक्स एकच, तुम्ही वाहत गेलात आणि माझ्या पायाला गोळे. फर्गस खरवडत होता तेव्हा मला इतकं कानकोंडं झालं. त्याची शर्यत घालवली मी."

मीनाक्षीनं इंडिकेटर दिला आणि सर्व्हिस स्टेशनला गाडी घेतली. इंजिन बंद केलं. आता सांगायचं, इथेच. "शाल्मली, ते वॅक्सचं जरा…"

"नाही ताई, तुम्ही अजिबात वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही दोघींचं सारखंच केलंत ना? मी बघितलंय."

तिच्या डोळ्यांत नुसतं आर्जव होतं, की या बाईला आपल्यामुळे वाईट वाटू नये. मीनाक्षीनं त्या डोळ्यांकडे बघितलं आणि दुसऱ्यांदा खोटं बोलली. "हो," ती म्हणाली. "सारखंच." मग कॉफी आणायला उतरली आणि मशिनसमोर उगाचच पाच मिनिटं उभी राहिली.

शशिधरनं तो पेला टीव्हीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि मँचेस्टरला मुलाला, मिहीरला फोन लावून आईचा पराक्रम सांगितला. सोमवारी कामावर ती नेहमीसारखी माणसं एक्स-रेच्या प्लेटसमोर उभी करत होती, श्वास रोखा, आता सोडा, सांगत होती, आणि मध्येच कानात तो आवाज यायचा: थांबू नका हं. एरवी लोकांच्या आतलं बघणाऱ्या बाईला आपल्याही आत कुणी बघेल अशी भीती वाटायला लागली. लिफ्टमध्ये कुणी सहज 'अभिनंदन' म्हटलं की मानेपर्यंत रक्त चढायचं.

मंगळवारी क्लबाचा चाकांच्या स्कीवरचा सराव असतो, पार्कात. शाल्मली आली नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. तिचा मेसेज आला: 'ताई, या सीझनला ब्रेक घेते. ऑफिसचं पण खूप आहे.' खाली हसरा चेहरा. मीनाक्षीनं तो मेसेज शशिधरला दाखवला आणि जेवणाच्या टेबलावर त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. "अगं, खेळ आहे," तो म्हणाला. "एवढं काय? पुढच्या वेळी तिला चांगलं लावून दे." जरा वेळानं तो उठला आणि टीव्हीशेजारचा पेला काढून कपाटात, कागदपत्रांच्या मागे ठेवून आला.

रविवारी सकाळी अकरा वाजता मीनाक्षी पार्टिक भागातल्या शाल्मलीच्या फ्लॅटवर गेली. दार तिच्या नवऱ्यानं, क्षितिजनं उघडलं. "या या ताई! बघा, तुमच्या शिष्येनं घराचं काय केलंय." कॉरिडॉरच्या गालिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या टेपच्या दोन समांतर पट्ट्या लावलेल्या होत्या, मध्ये पावलांच्या खुणा. भिंतीला फोन टेकवून ठेवला होता, त्यावर कुणा नॉर्वेच्या बाईचा व्हिडिओ थांबवलेला. आणि शाल्मली मोजे घालून त्या पट्ट्यांत उभी होती, एक पाय मागे, हात पुढे.

"किक सुधारतेय," ती ओशाळून हसली. "तुम्हाला एकदम दाखवणार होते. ब्रेक म्हटलं ना, म्हणजे जमेपर्यंत कुणाला तोंड दाखवायचं नाही असं ठरवलं होतं."

क्षितिज चहा टाकायला आत गेला. बसण्याआधीच मीनाक्षी बोलली. बसली असती तर जीभ रेटली नसती.

"तुझी किक कच्ची नाहीये. मी सकाळी जंगलात जाऊन आले होते. जांभळं चालणार नाही हे मला कळलं होतं. मी माझं बदललं, निळं लावलं. तुझं नाही लावलं."

शाल्मलीचा मागचा पाय हळूच खाली आला. "वेळ नव्हता का?"

"होता."

"म्हणजे मी विचारलं, बदलायचं का, तेव्हा…"

"तेव्हा मला माहीत होतं."

"आणि गाडीत?"

"गाडीतही."

शाल्मलीनं फोन उचलला, व्हिडिओ बंद केला. आतून कपबशांचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, "का पण?"

या प्रश्नासाठी मीनाक्षीनं रात्रभर जागून वाक्यं जमवली होती. त्यातलं एकही तोंडात येईना. "तू माझ्यापुढे जाशील म्हणून," ती म्हणाली. दिवसाढवळ्या, त्या अरुंद कॉरिडॉरमध्ये ते इतकं क्षुल्लक वाटलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गेले असते तर काय झालं असतं?"

मीनाक्षीनं गालिच्यावरच्या पांढऱ्या टेपकडे बघितलं.

"ऑफिसात रोज मला वाटतं, सगळ्यांना कळलंय ते मला एकटीलाच कळलेलं नाही," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दोन वर्षं वाटतंय. मीटिंगमध्ये चार वेळा वाक्य मनात म्हणून मग बोलते. फक्त बर्फावर तसं वाटत नव्हतं. तिथे मला वाटायचं, हे जमतंय मला. गेले दोन आठवडे मी इथे, या पट्ट्यांत, माझी चूक शोधतेय."

"माझं चुकलं, शाल्मली. मला माफ…"

"आत्ता नको," ती पटकन म्हणाली. "आत्ता मी काही म्हणणार नाही. क्षितिजनं चहा टाकलाय. तो घ्या आणि मग जा. त्याला मी नंतर सांगेन."

मीनाक्षीनं तो चहा घेतला. क्षितिज फ्लॅटच्या भाड्याचं, पावसाचं, मिहीरच्या परीक्षेचं बोलत होता आणि ती 'हो ना' म्हणत होती. शाल्मली समोर बसून बिस्किटाचे बारीक तुकडे करत होती. तो चहा संपायला लागलेली दहा मिनिटं मीनाक्षीला शर्यतीहून लांब वाटली. दारापर्यंत शाल्मली आली. "फर्गसला सांगा," ती म्हणाली. "तो गुडघ्यावर बसला होता माझ्यासाठी."

मंगळवारी पार्कातल्या पॅव्हेलियनमध्ये सराव संपल्यावर मीनाक्षी उभी राहिली आणि चौदा माणसांसमोर सगळं सांगितलं, इंग्रजीत. कुणीतरी म्हणालं, "अगं, हौशी लोकांची शर्यत ती, काय एवढं," आणि दोघेतिघे सुटल्यासारखे हसले. त्या हसण्यानं तिला आणखीच लाज वाटली, कारण त्यांना ती आवडत होती आणि त्यांना तिला सोडून द्यायचं होतं. फर्गस हसला नाही. बाकीचे गेल्यावर तो दाराशी थांबला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू सांगतेस का, हे बघत होतो. या आठवड्यानंतर मीच तिला सांगणार होतो."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"मग तुझ्यासाठी काय उरलं असतं?" तो म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला. तिच्याशी तो त्यानंतर बरेच दिवस कामापुरतंच बोलत राहिला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वर हायलँड्समध्ये पुन्हा बर्फ पडला, त्या हिवाळ्यातला बहुधा शेवटचा. मीनाक्षी एकटीच गाडीनं गेली. पोचली तेव्हा शेडमध्ये फर्गस आणि शाल्मली होते. शाल्मली स्वतःच वॅक्स लावत होती, फर्गस बाजूला उभा राहून नुसता बघत होता. शाल्मलीनं मान वर केली. "हॅलो," ती म्हणाली. ताई म्हणाली नाही. मीनाक्षी दुसऱ्या बाकावर आपलं काम करत राहिली. दोघींमध्ये सहा फूट अंतर होतं आणि तिनं एकदाही शाल्मलीनं कुठला रंग घेतलाय हे बघितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

जंगलातल्या लांब चढावर तिला मागून काठ्यांचा आवाज आला. झपाझप, एका लयीत, जवळ येणारा. मागे न बघताही तिला कळलं. "ट्रॅक!" शाल्मलीनं आवाज दिला. पुढच्यानं वाट सोडावी म्हणून सगळेच देतात तसा, ना गोड ना कडू. मीनाक्षीनं दोन्ही स्की ओढून बाजूच्या मऊ बर्फात घेतल्या आणि गुडघाभर रुतून उभी राहिली. शाल्मली तिच्या अंगावरून वारा घेऊन गेली. चढ अजून बराच होता, पण तिचा पाय कुठेच मागे सटकला नाही. ती वळणाआड जाईपर्यंत मीनाक्षी तिथेच थांबली, मग एकेक पाय बर्फातून उपसून पुन्हा ट्रॅकमध्ये आली आणि आपल्या गतीनं वर चढायला लागली.